मदत हवी आहे: इंजिनिअरिंग सोडून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळायचंय

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय २७. चाकणला ४ वर्षं नोकरी केली. आता अवकाश संशोधनाच्या इतिहासात पीएचडी करायची आहे.

माझं गाव नारायणगाव. १९७१ साली आर्वीला सुरू झालेल्या, उपग्रहामार्फत संदेश पाठवणाऱ्या विक्रम उपग्रह केंद्राची प्रचंड तबकडी दाखवायला आजोबा मला सायकलवरून न्यायचे. तिथे नोकरी केलेले आमच्या ओळखीचे एक काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्याकडून सगळं नीट ऐकून लिहून घ्यायचं, असं मी कितीदा ठरवलं होतं. राहूनच गेलं.

असा अभ्यास आयुष्यभर करता येतो, हे मला असिफ सिद्दिकींमुळे कळलं. तेही आधी इंजिनिअरच. मग कार्नेगी मेलनमधून इतिहासात पीएचडी केली, आणि आता न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्यांचा मुख्य विषय सोविएत अवकाश कार्यक्रम. स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहामागचा प्रमुख माणूस, कोरोल्योव्ह, १९६६ मध्ये वारला तेव्हा कुठे त्याचं नाव जगाला समजलं! इतक्या झाकून ठेवलेल्या जगाचा इतिहास त्यांनी रशियन कागदपत्रं वाचून लिहिला.

केरळातल्या थुंबा या रॉकेट तळावरही सिद्दिकींनी लिहिलंय. चुंबकीय विषुववृत्त (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असतं ती रेषा) जवळून जातं म्हणून ती जागा निवडली. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून उडालेलं पहिलं रॉकेट, नाइकी-अपाची, अमेरिकेचं होतं. सायकलवरून नेलेल्या रॉकेटच्या भागाचा फोटो आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण तळासाठी जागा सोडून गेलेल्या मच्छीमार कुटुंबांबद्दल शाळेत कुणी एक ओळ सांगितली नाही. मला असे प्रश्न विचारायचे आहेत.

एका विद्यापीठात चौकशीला गेले, तर 'तुमची पदवी इतिहासाची नाही' म्हणून दोन मिनिटांत परत पाठवलं. म्हणून विचारते: आधी इतिहासात एमए करावंच लागेल का? की आयआयटीच्या मानव्यशास्त्र विभागात थेट प्रवेशाची शक्यता आहे? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकायचा विचार आहे. पण विषय भारतातला घेतला, तर तोच वेळ मुंबईला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बंगळुरूला एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) यांच्या अभिलेखागारात घालवणं जास्त उपयोगाचं ठरेल का? या वाटेने गेलेल्या कुणी घरखर्च कसा भागवला, तेही सांगा. आईला तीच काळजी आहे.

आणि कुणाचे आई-बाबा, आजी-आजोबा आर्वीच्या केंद्रात कामाला होते का? असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जुन्नर, आळेफाटा, पुणे, म्हणाल तिथे मी येऊन भेटेन.