पेनड्राइव्हवर कॉपी करताना लिनक्स अडखळतं तेव्हा
कॉपीची पट्टी झर्रकन ९९ टक्क्यांवर जाते आणि मग माऊससुद्धा हलत नाही म्हणताय, तर दोष एकट्या पेनड्राइव्हचा नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डेटा आधी रॅममध्ये साठवतो आणि मग सावकाश ड्राइव्हवर लिहितो. असा अजून न लिहिलेला डेटा उपलब्ध रॅमच्या किती टक्के असू शकतो, ती मर्यादा म्हणजे 'डर्टी रेशो'. तो मुळात २० टक्के असतो, म्हणजे १६ जीबीच्या मशीनवर तीनएक जीबी तुंबू शकतो! मर्यादा गाठली की डिस्कवर लिहू पाहणारे इतर प्रोग्रामही ताटकळतात, बिचारा ब्राउझरसुद्धा. मी सिसकंट्रोलमध्ये (sysctl, कर्नलच्या सेटिंग बदलायची सोय) 'डर्टी बाइट्स', म्हणजे हीच मर्यादा टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये, ५०३३१६४८ (४८ एमबी) आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स', म्हणजे मागच्या मागे लिहायला सुरुवात होते ती पातळी, १६७७७२१६ (१६ एमबी) ठेवले. पट्टी आता रडतखडत सरकते, पण खरं बोलते. बाइट्स भरले की रेशो शून्य दिसतो, घाबरू नका. आणि हो, ड्राइव्ह काढण्याआधी 'सिंक' (रॅममधला उरलेला डेटा ड्राइव्हवर लिहून टाकणारी कमांड) संपू द्या.