पातळ हात, जाड थर : सोलून काढता येणाऱ्या रबरी लेपाचे शब्द

प्रश्न

मोटारीच्या पुढच्या जाळीवरील चकचकीत पट्ट्या, काचांभोवतीची किनार आणि निर्मात्याचे चिन्ह यांवर डब्यातून फवारायचे आणि नकोसे झाल्यावर ओढून काढायचे असे एक रबरी द्रव्य मिळते. त्याच्या वापराची कृती मी मराठीत लिहीत आहे. ‘कोटिंग’साठी लेप, थर, मुलामा आणि आवरण असे चार शब्द माझ्यासमोर आहेत. ‘रिमूव्हेबल’साठी ‘निघणारा’ असे लिहिले आहे, पण ते मनाला पटत नाही. ‘एम्ब्लेम’ला ‘बोधचिन्ह’ म्हणावे का? शिवाय ‘कोट’ आणि ‘लेयर’ या दोहोंसाठी मी सरसकट ‘थर’ हाच शब्द वापरला आहे. त्याने काही बिघडते का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा बिघाड तिथेच आहे.

रंगकाम करणारा मनुष्य ‘भिंतीला दोन थर दिले’ असे सहसा म्हणत नाही, तो ‘दोन हात मारले’ असे म्हणतो. पहिला हात, दुसरा हात, आणि त्याआधी अस्तर, ही आपल्याकडची जुनी आणि नेमकी शब्दयोजना आहे. ‘हात’ म्हणजे एका वेळी केलेले काम, तर ‘थर’ म्हणजे त्या सगळ्या हातांनी मिळून पृष्ठभागावर साठलेली जाडी. भिंतीच्या रंगात हा भेद सैल ठेवला तरी कोणाचे नुकसान होत नाही. या रबरी द्रव्यात मात्र होते, कारण येथे प्रत्येक हात पातळ असावा लागतो आणि एकूण थर जाड असावा लागतो. आपण ‘थर पातळ ठेवावा’ असे लिहिले, तर वाचक दोन हलके हात फवारून थांबेल. पट्टी काळी दिसेल आणि काम झाले असेही वाटेल, पण काही महिन्यांनी ते काढायला घेतल्यावर अखंड पापुद्रा हाती न येता नखाएवढे तुकडे निघत राहतील. म्हणून ‘हात पातळ द्यावेत, मात्र थर जाड होईपर्यंत देत राहावेत’ असे स्पष्ट लिहावे. साधारणपणे चार ते सहा हात लागतात. दोन हातांमध्ये सुमारे अर्धा तास जाऊ द्यावा आणि डबा पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटिमीटर दूर धरावा.

त्यातही पहिला हात वेगळा आहे. तो इतका विरळ द्यायचा असतो की खालची चकाकी जवळजवळ निम्मी दिसत राहावी. त्याचे काम झाकण्याचे नसून पुढच्या हातांना धरून ठेवण्याचे असते. त्याला ‘अस्तर’ म्हणण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. अस्तर हे वेगळ्या द्रव्याचे असते आणि रंग पक्का बसावा म्हणून दिलेले असते, येथे तर पक्के काही बसवायचेच नाही. ‘पहिला, विरळ हात’ एवढे पुरेसे आहे.

आता ‘मुलामा’. हा शब्द कृतीत कोठेही येऊ देऊ नका, आणि त्याचे कारण केवळ भाषिक नाही. ज्या चकचकीत पट्ट्या आपण काळ्या करू पाहतो, त्यांची चकाकी हाच मुळात क्रोमचा मुलामा असतो. आजकाल पुष्कळदा तो प्लास्टिकवर चढवलेला असतो. तेव्हा ‘मुलामा सोलून काढावा’ हे वाक्य वाचून एखाद्या सरळमार्गी वाचकाने पातळ पात्याने खालचा क्रोमच खरवडायला घेतला, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. मुलामा चढतो तो धातूचा, आणि तो कायमचा असतो किंवा निदान तसा अभिप्रेत असतो.

‘आवरण’ आणि ‘वेष्टन’ हे शब्द वेगळ्या कामासाठी राखून ठेवावेत असे मला वाटते. आधीच तयार असलेली विनाइलची पातळ चादर मोटारीवर चिकटवतात, तिला ‘वेष्टन’ शोभते, कारण ती बाहेरून आणून गुंडाळलेली असते. फवारलेले द्रव्य पृष्ठभागावर पडल्यावरच सुकून एकसंध होते, म्हणून त्यासाठी ‘लेप’ हाच शब्द योग्य. लेप ओला लावला जातो आणि जागेवर वाळतो, एवढे दोन्ही अर्थ त्यात आयते आहेत. औषधाची आठवण होते हे खरे, पण ‘रबरी’ हे विशेषण जोडले की ती जाते.

बोधचिन्हाविषयी थोडक्यात : बोधचिन्ह ही आकृती आहे. ती कागदावर असते, जाहिरातीत असते, मोटारीवरही असते, पण फवारा आकृतीवर मारता येत नाही, चिकटवलेल्या वस्तूवर मारता येतो. गॅरेजमध्ये त्या वस्तूला ‘मोनोग्राम’ म्हणतात. मूळ अर्थ गुंफलेली आद्याक्षरे असा असला तरी आता तो शब्द रुळला आहे आणि वाचकाला लगेच कळतो. शुद्ध मराठीचाच आग्रह असेल तर ‘बिल्ला’ वाईट नाही. ‘मानचिन्ह’ मात्र नको, ते समारंभात देतात.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. ‘निघणारा’ या शब्दाविषयी थोडे लिहितो, कारण तो प्रश्न मागे राहिला आहे. मराठीत रंग ‘निघतो’ ही तक्रार असते. ‘निघणारा लेप’ असे वाचल्यावर, पहिल्याच धुण्यात वाहून जाणारे काहीतरी डोळ्यांसमोर येते, आणि ते वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. हा लेप पाण्याने जात नाही, तो कडेला सैल करून मुद्दाम ओढावा लागतो. निघणे आपोआप घडते, काढणे कोणीतरी करतो. म्हणून ‘काढता येणारा’ हे अधिक बरे.

कोणी ‘सोलता येणारा लेप’ सुचवील. त्यात एक अडचण आहे. आपण केळे सोलतो आणि साल काढतो. सोलण्याचे कर्म बहुधा आतली वस्तू असते, वरची नव्हे. झाडाची साल सोलली असेही म्हणतात, त्यामुळे प्रयोग अगदीच अशुद्ध ठरत नाही. तरी ‘सोलून काढता येणारा रबरी लेप’ असे लिहिल्यास ही शंका उरत नाही आणि कृतीही नेमकी सांगितली जाते. नाव लांब होते, हे मान्य आहे. पहिल्यांदा पूर्ण लिहावे आणि पुढे नुसते ‘लेप’ म्हणावे.

जाता जाता : ज्या प्लास्टी डिप या उत्पादनामुळे हा प्रकार सर्वत्र माहीत झाला, ते मुळात अवजारांच्या मुठी पातळ रबरात बुडवून काढण्यासाठी होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील या कंपनीची सुरुवात १९७२ सालची. बुडवण्याचे नाव फवाऱ्याच्या डब्यावरही तसेच राहिले, त्यामुळे हौशी मंडळी ‘डिप मारला’ असे बिनदिक्कत म्हणतात. बोलण्यात ते चालते, लेखी कृतीत मात्र ‘फवारणे’च हवे, नाहीतर वाचक मोनोग्राम उखडून डब्यात बुडवता येईल का, असे विचारील.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

दोघांचेही मनापासून आभार. ‘हात’ आणि ‘थर’ हा भेद घेऊन मजकूर पुन्हा लिहिला आहे, त्यातील अवघड भाग खाली देतो.

‘मोनोग्राम आणि त्याच्या भोवतालचा भाग स्पिरिटने पुसून कोरडा करावा. मेण किंवा पॉलिशचा अंश राहू देऊ नये. भोवती तळहाताएवढी जागा मोकळी ठेवून त्यापलीकडे कागद आणि चिकटपट्टी लावावी. मोनोग्राम व ती मोकळी जागा या दोहोंवर पहिला विरळ हात फवारावा आणि मग थर जाड होईपर्यंत पुढचे हात द्यावेत. चिकटपट्टी काढावी. लेप पूर्ण वाळल्यावर मोनोग्रामभोवतीचा भाग बाहेरच्या कडेने उचलून हळूहळू ओढावा. मोनोग्रामच्या कडेशी लेप आपोआप तुटतो आणि मोनोग्रामवरचा लेप जागेवर राहतो. अक्षरांच्या पोकळीतील उरलेला लेप लाकडी काडीने काढावा.’

यात आणखी एक शंका आहे. थर पातळ राहून गेला आणि लेप तुकड्यांनी निघू लागला, तर त्या तुकड्यांना ‘पोपडे’ म्हणावे का?

प्रतिसाद

पोपडे म्हणायला हरकत नाही, परंतु पोपडे जुन्या, सुकलेल्या रंगाचे असतात आणि ते बोटाने दाबल्यावर चुरतात. हे तुकडे रबरी असल्यामुळे चुरत नाहीत, ताणले जाऊन तुटतात. मी ‘तुकडे’ असेच साधे लिहीन आणि ‘पापुद्रा’ हा शब्द अखंड निघणाऱ्या लेपासाठी ठेवीन. त्या ठिकाणी उपायही सांगावा, कारण तो सोपा आहे : तुकडे ओरबाडत न बसता त्याच जागी आणखी काही हात फवारावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत, आणि मग सगळा थर एकत्र ओढावा. नवा लेप जुन्याला धरून ठेवतो आणि दोन्ही मिळून एकच पापुद्रा निघतो. ‘हात’ आणि ‘थर’ हे शब्द वेगळे ठेवल्यामुळे ही सूचना आता एका वाक्यात बसते.

इंधनाच्या झाकणाजवळ लेप देणाऱ्यांसाठी ‘पेट्रोल सांडल्यास लेप मऊ पडून खराब होतो’ हे वाक्य घालावे. येथे ‘विरघळतो’ आणि ‘मऊ पडतो’ यांपैकी दुसरे मला अधिक सावध वाटते, कारण एखाद्या थेंबाने लेप लगेच नाहीसा होत नाही, तर तेथे सुरकुतून चिकट होतो. तसेच हे द्रव्य ज्वलनशील असून त्याची वाफ श्वासावाटे जाणे अपायकारक आहे. म्हणून ‘हवेशीर जागी’ एवढे गुळमुळीत न लिहिता ‘उघड्यावर, ज्योत आणि ठिणगीपासून दूर, रसायनांच्या वाफेसाठी असलेला मुखवटा लावून’ असे लिहावे. नुसते ‘मास्क’ लिहिल्यास वाचक कापडी पट्टी बांधील आणि तिचा येथे काहीही उपयोग नाही.

राहिले ‘चिकटपट्टी काढावी’ हे वाक्य. त्यात वेळ सांगितलेली नाही, आणि वाचक ती साहजिकच लेप वाळल्यानंतरची धरील. ‘शेवटचा हात ओला असतानाच’ हे शब्द त्याच्या आधी घालावेत. वाळल्यावर लेप पट्टीवरून पलीकडच्या भागापर्यंत एकसंध झालेला असतो, आणि पट्टी ओढली की तिच्याबरोबर ठेवायचा असलेला लेपही उचलला जातो. मोनोग्रामभोवती भरपूर मोकळी जागा सोडली असल्याने तेथे त्याचे फारसे वाटणार नाही, परंतु काचेभोवतीच्या अरुंद किनारीवर पट्टी अगदी कडेला लागून असते, तेथे याच एका चुकीने सगळे काम पुन्हा करावे लागते.