मदत हवी आहे: तळोजा–न्हावा शेवा फेऱ्यांसाठी इलेक्ट्रिक ट्रेलर परवडेल का?

नमस्कार मंडळी,

कळंबोलीत आमचा छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. तळोजा एमआयडीसीतून भरलेले कंटेनर न्हावा शेवाला पोचवायचे, येताना रिकामे उचलायचे. एका जुन्या पार्टीने सांगितलंय, पुढच्या कराराला निदान एक गाडी इलेक्ट्रिक हवी. भाडं वाढवून मागितलं की मात्र साहेब मीटिंगमध्ये असतात.

55 टनी इलेक्ट्रिक ट्रेलर डिझेलच्या दुपटीहून महाग पडतोय. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या सबसिडी योजनेतून जास्तीत जास्त 9.6 लाख सुटतात, पण त्यासाठी जुनी गाडी भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागतं. जीएसटी 5 टक्के आणि परमिटची कटकट नाही, एवढाच काय तो दिलासा.

माझा हिशेब ढोबळच आहे. भरलेला डिझेल ट्रेलर लिटरला तीन किमी देतो. डिझेल नव्वद धरलं तर किमीला तीस रुपये. इलेक्ट्रिकला किमीमागे दीड युनिट धरलं आणि स्वतःच्या मीटरवर युनिट दहाला पडलं, तर पंधरा. इथवर खूश होतो. पण बाहेरच्या चार्जरवर तेच युनिट वीसला घेतलं की परत तीस! बचत शून्य आणि हप्ता डबल. आमचं यार्ड भाड्याचं, जागामालक विजेच्या वाढीव लोडच्या अर्जावर सही करायला तयार नाही.

त्यात पोर्टची लाइन. गाडी जितकी पळेल तितकी लवकर फिटेल, हे कळतं. पण इथे एका बाजूचं अंतर चाळीसेक किमी, आणि गेट तुंबलं की ड्रायव्हर केबिनमागे स्टोव्ह पेटवून भात शिजवतो, जेवतो, भांडी विसळतो, तरी गाडी जागची हलत नाही. अशा रूटवर गाडी कोणी फेडली असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

भाऊ, यार्डाचा नाद सोडा. चार्जर पार्टीच्या प्लांटमध्येच बसवून मागा. त्यांना कार्बन कमी दाखवायचा असणार, तर हे आकडे त्यांच्यासमोर ठेवा: एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तुमच्या ॲव्हरेजने किमीला 0.9 किलो. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो, दीड युनिटला एकाच्या वर. रस्त्यावरचा धूर गेला, पण कोळशावरच्या विजेने त्यांचा आकडा काही खाली येत नाही. शेडवरच्या सोलरवर, दिवसा लोडिंगला गाडी लागलेली असताना चार्ज केली, तरच त्यांचंही काम होतं आणि तुम्हाला युनिट स्वस्त पडतं.

करारात महिन्याचे किमान किमी लिहून घ्या. गाडी पोर्टवर अडकली तरी तेवढं बिल निघालं पाहिजे. आणि कराराची मुदत कर्जाएवढी. बँकेचे हप्ते पाच वर्षं आणि पार्टीचा शब्द एक वर्षाचा असेल तर हात लावू नका. लाइनमध्ये डिझेल इंजिन उगाच घुरघुरत राहतं, ते इथे वाचेल, पण त्यावर हप्ता निघत नाही.

मूळ लेखक:

धन्यवाद. त्यांच्या शेडवर पॅनेल आहेत खरे, बाकी बोलून बघतो. किमान किमीच्या कलमाचा मराठी किंवा इंग्रजी मसुदा कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रिकाम्या कंटेनरचे परतीचे किमी त्यात धरायचे की वेगळे, यावरच पार्टी अडून बसेल असं वाटतंय.