गाण्याला जायच्या आधीची घरातली गडबड, तुमच्याकडची सांगा

आज सकाळी पोहे परतताना रेडिओवर गायिका केसरबाई केरकरांची भैरवी लागली आणि एकदम बाबा आठवले. आम्ही फोंड्याकडचे, त्यांचं केरी गाव जवळच, त्यामुळे केसरबाई म्हणजे बाबांना घरचंच माणूस. कला अकादमीचा केसरबाई संगीत समारोह जवळ आला की दाढी करताना बाबांचा ललिता गौरी राग सुरू, आई साड्यांना ऊन दाखवणार, आम्हा पोरांना ताकीद की दुपारी झोपा नाहीतर नेणार नाही. यंदा लेकीला पहिल्यांदाच नेतेय, ती रोज विचारते तंबोऱ्याला हात लावायला देतील का. मला आत्तापासूनच भरून येतंय. लिहा ना तुम्ही पण.

मडगावकर: दुपारची झोप!! अगदी अगदी. शिवाय आजोबांचा नियम, आलाप चालू असताना उठायचं नाही, म्हणून निघायच्या आधी पाणीसुद्धा बेताने 😄

कुर्डीची नात: आमचं गाव साळावली धरणात गेलं, मे महिन्यात पाणी उतरलं की सगळे जमतो, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं घर कुठे होतं ते आजी हात करून दाखवते. रेडिओवर किशोरीताई आमोणकर लागल्या की आजी भाकरी टाकून बाहेर, "आमच्या मोगूबायची धूव" (लेक) म्हणत. गाण्याला जायचं म्हटलं की सगळ्यात आधी तयार तीच.

पेटीप्रेमी: बोरीचे तुळशीदास बोरकर साथीला असायचे तेव्हा काका पुढची खुर्ची धरायचे, डोळे फक्त पेटीवर. बाय द वे म्हापशात पेटी कोण शिकवतं? मुलाला घालायचंय

मडगावकर: म्हापशाचं माहीत नाही, पणजीत कला अकादमीत भारतीय संगीताचे वर्ग आहेत, तिथे विचारून बघा

कोल्हापूरची सून: माझं माहेर कोल्हापूर, केसरबाई आणि मोगूबाई दोघींचे गुरू अल्लादियाखाँसाहेब आमच्याच दरबारात होते, हे कळल्यावर सासूबाई इतक्या खूश की लग्नानंतर पहिल्यांदा मला गाण्यालाच घेऊन गेल्या. आता त्यांना कमी ऐकू येतं, तरी गजरा हवाच. यंदा कानाचं मशीन घेतलंय, पण तार षड्ज (वरचा सा) नीट ऐकू येईल ना, मला तीच धाकधूक.

कुर्डीची नात: येईल गं. स्पीकरच्या तोंडाशी नको बसवू, आजीच्या मशीनला शिट्टी येते तिथे. आणि जास्तीचे सेल पर्समध्ये ठेव.

कोल्हापूरची सून: थँक्यू गं, सेल उद्याच आणते.