लॅबच्या खुब्यांचं जुनं दुखणं: गोळ्यांशिवाय आणखी काय करता येतं?

जुळेसोलापूरकर
कुत्रा लॅब्रॅडॉर (लॅब), नर, वय ९, वजन ३८ किलो. एक्स-रेत दोन्ही खुब्यांची झीज दिसली. डॉक्टरांची गोळी चालू आहे, पण पोट बिघडतं म्हणून डोस वाढवणार नाही म्हणाले. सकाळी उठताना मागचे पाय फाकतात. घरभर पॉलिश केलेली शहाबादी, दाराशी दीड फुटाचा ओटा. खाणं: ज्वारीच्या चार भाकरी, अर्धा लिटर दूध आणि चहाच्या वेळी सहा ग्लुकोज बिस्किटं. उन्हाळ्यात फिरणं जवळपास बंदच. कोणी कापराचं तेल चोळायला सांगतंय, कोणी विटेचा शेक. सुरुवात कुठून करू?

काटा_मारणारा
तेल-वीट राहू द्या बाजूला. आधी ३८ हा आकडा खाली आणा. या बांध्याचा लॅब ३० किलोच्या आसपास असायला हवा. वजन सहा-सात टक्के उतरलं तरी लंगडण्यात फरक दिसतो, म्हणजे पहिलं लक्ष्य फक्त अडीच किलोचं.

हिशोब असा. लक्ष्य वजनाचा ०.७५ वा घात काढून ७० ने गुणायचं. ३० किलोला दिवसाला साधारण ९०० कॅलरी येतात. तुमचं आत्ताचं खाणं: मध्यम भाकरी साडेतीनशेची धरली तर चौदाशे, दूध सव्वातीनशे, बिस्किटं दीडशे. दुप्पट झालं की ओ! शिवाय त्यात प्रथिनं कमी, म्हणजे आधीच सुकत चाललेल्या मांड्या आणखी सुकणार.

दूध-बिस्किटं बंद. दीड भाकरी, दोन उकडलेली अंडी, दीडशे ग्रॅम उकडलेलं बिनकातडीचं चिकन एवढ्यात ९०० होतात. मीठ-मसाला-कांदा नाही. हा आहार पुढचे पाच-सहा महिने चालणार, त्यामुळे कॅल्शियम आणि खनिजं कशी भरून काढायची ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. नाहीतर वजन कमी करण्याचं तयार खाद्य आणून वाटीने नाही, ग्रॅममध्ये मोजा. बदल आठवडाभरात हळूहळू करा, एकदम केला तर जुलाब.

आठवड्याला एक टक्का, म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅम उतरलं की पुरे. त्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहू नका, खुबे दुखतात. ओळखीच्या आडत दुकानातला प्लॅटफॉर्म काटा बरा, तो स्वतःच चढून उभा राहतो. घरातले सगळे पाळतात आणि आजोबा गुपचूप बिस्किट देतात, बहुतेक घरी गाडी इथेच अडते. त्यांच्या हातात काकडीचे तुकडे द्या.

फरशी_आणि_पंजे
वजन उतरायला महिने लागतील, फरशीचं काम उद्याच होईल. प्रत्येक वेळी पाय फाकला की मांडीच्या आतले स्नायू ओढले जातात आणि तो उठायलाच घाबरतो. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार जोडणारा दोन फूट रुंद रबर मॅटचा पट्टा टाका. नुसती सोलापुरी चादर अंथरू नका, शहाबादीवर ती त्याच्यासकट सरकते. चादर हवीच असेल तर खाली रबर.

नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर वाढलेली आहेत. थोडी थोडी, दर दहा दिवसांनी कापा. पंज्याच्या गाद्यांमधले केस बोथट कात्रीने काढा, ते मोज्यासारखे घसरतात.

अंथरूण: चार इंची घट्ट फोम. गुडघा टेकवून बघा, खाली फरशी लागली तर निरुपयोगी. उन्हाळ्यात तो फोम सोडून गार फरशीवरच पडणार, त्यावर उपाय म्हणजे पाय कापून सहा इंचांवर आणलेली नवारीची बाज. खालून हवा खेळते आणि कोपरांना घट्टे पडत नाहीत.

ओट्याला पाच फुटी फळी लावा, वर काथ्याचं पायपुसणं खिळ्यांनी ठोकून. फळी आखूड केली की चढ वाढतो आणि तो बाजूने उडी मारतो. उतरताना टेरी टॉवेलची घडी पोटाखालून, मागच्या पायांच्या लगेच पुढे. आधार द्यायचा, उचलायचं नाही. नर आहे, तेव्हा लघवीची जागा दाबली जात नाही ना, बघा.

जुळेसोलापूरकर
मॅट उद्याच आणतो. फिरवणं आणि शेक यांचं काय? गावाकडे विहीर आहे, पोहायला नेलं तर?

चालते_फिरते
फिरवणं बंद केलं तर सांधे आणखी आखडतील. दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, पट्ट्यात, सावकाश. मे महिन्यात सकाळी साडेसहाच्या आत. संध्याकाळी डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली तरच. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त आखडला तर फेरी निम्मी करा. रविवारी तासभर चेंडू आणि बाकी आठवडा झोप, हा प्रकार सगळ्यात वाईट.

रोज दोनदा मॅटवर बस-ऊठ, पाच वेळा. मागचा भाग भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा म्हणजे पाय बाजूला पळत नाही.

वीट नको, तिची उष्णता सगळीकडे सारखी नसते आणि कातडी भाजते. थंडीत फिरण्याआधी कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं. आधी आपल्या मनगटावर धरून बघायची. मे महिन्यात शेकायची गरज नाही. सांधा अचानक सुजला तर शेक उलट वाढवतो, तिथे ओल्या फडक्यात बर्फ, दहा मिनिटं.

कापराचं तेल साफ नको. तो चाटणार, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. मालीश करायचीच तर कोरड्या हाताने, पंज्याकडून वर.

विहीर नको. पायऱ्या उतरतानाच खुबे जातील. पाण्याचा फायदा खोलीवर असतो: खुब्यापर्यंत पाणी असेल तर पायांवर वजनाच्या चाळीस टक्क्यांहून कमी भार येतो, गुडघ्यापर्यंतच असेल तर पंच्याऐंशी टक्के तसाच राहतो. म्हणून मुलांच्या प्लास्टिक टबात अंग गार होतं, एवढंच.

मांजरवाली_होटगीरोड
यातलं काही मांजरावर करणार असाल तर एक: तिचं वजन झपाट्याने उतरवू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडू शकतं. शिवाय मांजर लंगडून दाखवत नाही, ती फक्त ओट्यावर उडी मारणं सोडते. शी-शूच्या ट्रेची एक बाजू दोन इंचांवर कापा, बाहेर करणं बऱ्याचदा तिथेच थांबतं.

काटा_मारणारा
डॉक्टरांची गोळी मात्र स्वतःहून सोडू नका. आणि आपल्या डब्यातली तर अजिबात देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं. मागचे पाय ओढत चालला, पंजा उलटा टेकवला किंवा लघवी नकळत व्हायला लागली तर प्रश्न नुसत्या खुब्याचा नाही, मणक्याचा असू शकतो. त्याच दिवशी न्या.