कादंबरीतलं मनातलं बोलणं पडद्यावर कसं आणायचं?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी, पणजीहून लिहितेय. मैत्रिणीच्या फँटसी कादंबरीवरून शॉर्ट फिल्मची पटकथा लिहायला घेतलीय. नायिकेला गावचा राखणदार, म्हणजे गावाचं रक्षण करणारा अदृश्य देवचार, दिसतो, तिच्याशी बोलतो आणि ती हे आजीपासून लपवते. पुस्तकात त्या एका रात्रीची ४ पानं नुसती डोक्यातली घालमेल आहे, भीती, आजीला फसवल्याची टोचणी, राखणदाराची ओढ, सगळं एकात एक गुंतलेलं. व्हॉइसओव्हर टाकून वाचून दाखवलं तर सगळे म्हणाले रेडिओ ऐकल्यासारखं वाटतं, काढला तर पोरगी नुसती खिडकीत बसलेली दिसते. काय करू?

फोंड्याचा_नट:
जत्रेतल्या नाटकात आम्ही स्वगत बिनधास्त म्हणतो, दोन पावलं पुढे यायचं नि थेट लोकांना सांगायचं, बाजूच्या पात्राला ते ऐकू येत नाही हे शेंबडं पोरसुद्धा मानतं. तिथे ते चालतं कारण शेवटच्या रांगेतल्याला माझे डोळे दिसत नाहीत. कॅमेरा आधीच डोळ्यांपाशी, मग तेच परत तोंडाने कशाला? तिच्या हाताला काम दे गो. राखणदाराला रोट देतात ना, तर आजीबरोबर रोट थापताना ती गुपचूप एक जास्त थापते आणि आजीची नजर त्यावर जाते. निम्मी घालमेल तिथेच दिसली.

म्हापशेकर_वाचक:
ड्यून कादंबरीवरचे दोन सिनेमे लागोपाठ बघ. १९८४ च्या लिंचच्या सिनेमात पात्रांचे विचार कुजबुजत ऐकू येतात, २०२१ च्या व्हिलनव्हच्या सिनेमात ती कुजबुज नाही, आई आणि मुलगा हातांच्या खुणांनी बोलतात, म्हणजे लपवाछपवीच डोळ्यांना दिसते. सायन्स फिक्शन असलं तरी अडचण हीच. आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गॉलम! पुस्तकात त्याचा स्वतःशी चाललेला वाद सोबतच्या सॅमच्या कानावर पडतो, २००२ च्या सिनेमात मात्र कट मारत मारत एकाच तोंडाची दोन माणसं होतात, मला तो सीन अजून अंगावर येतो. तुझ्याकडे राखणदार आयताच आहे, मनातला दुसरा आवाज त्यालाच दे.

एडिटिंगवाला_मडगाव:
आवाजाचा विचार कर. राखणदाराच्या काठीची टकटक फक्त तिलाच ऐकू येते, आजीच्या क्लोजअपवर एकदम शांतता, तिच्यावर आलो की टकटक परत चालू. एकही शब्द न बोलता आपण तिच्या डोक्यात शिरतो. व्हॉइसओव्हर ठेवायचाच असेल तर दिसतं त्याच्या उलट काहीतरी बोलू दे, दिसतं तेच नको.

मांडवीकाठ:
देव बरें करूं सगळ्यांना. रोटाचा सीन काल रात्रीच लिहून काढला, टकटक पण घेतेय, आता व्हॉइसओव्हरची एकच ओळ उरलीय. पण राखणदाराला तिच्या मनाचा आवाज करायला मन धजत नाही, तसं केलं तर तो फक्त तिच्या डोक्यातला होईल, आणि पुस्तकात तो खरा आहे, अख्ख्या गावाचा आहे.