‘सेंट्रिस्ट’ आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ यांना मवाळ आणि जहाल म्हणावे का?

गुहागरहून पृच्छा

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एखाद्या विषयावर टिपण वाचले जाते. या खेपेस अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षातील दोन गटांचा झगडा हा विषय माझ्याकडे आहे. मधली वाट धरणाऱ्या ‘सेंट्रिस्ट’ गटासाठी ‘मवाळ’ आणि अधिक मोठे बदल मागणाऱ्या ‘प्रोग्रेसिव्ह’ गटासाठी ‘जहाल’ असे मी लिहिले, कारण मवाळांचे पुढारी गोखले यांचे जन्मगाव कोतळूक आमच्याच तालुक्यात असल्यामुळे ही जोडी ऐकणाऱ्यांना चटकन उमगेल असे मला वाटले. वाचनालयाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मात्र ती दिशाभूल करणारी ठरवली. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

रत्नागिरीहून उत्तर

गुरुजी, आपल्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे मला पटते. ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे दोन्ही शब्द मुळात तीव्रता सांगतात. विष जहाल असते, औषध जहाल असते. उतरत्या वेळचे ऊन मवाळ होते. ज्ञानेश्वरांनी उत्तम वाणीला ‘साच आणि मवाळ’ म्हटले आहे, आणि तिथे मवाळपणा हा गुण आहे, दुबळेपणा नव्हे. राजकारणात ही जोडी रुळली तीही मुख्यतः मार्गाच्या प्रश्नावर. सरकारकडे अर्ज-विनंत्या करीत, सनदशीर रीतीने एकेक सुधारणा पदरात पाडून घ्यावी, की बहिष्कारासारखे हत्यार देशभर वापरावे, हा वाद होता. 1906 च्या कलकत्ता अधिवेशनातील स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे ठराव पातळ केले जातील अशी भीती जहालांना वाटत होती, आणि त्यावरूनच 1907 मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली.

आता जहालांचे पुढारी टिळक आणि मवाळांचे गोखले या दोघांना समाजसुधारणेच्या प्रश्नावर उभे करून पाहा. शरीरसंबंधासाठी मुलींचे किमान वय वाढवणाऱ्या 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, तर गोखले सुधारकांच्या बाजूचे होते. 1895 मध्ये पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मांडवात सुधारकांची सामाजिक परिषद भरवू देण्यावरून जो तंटा झाला, त्यातही बाजू अशाच पडल्या होत्या. पुढे 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात मांडले ते ‘मवाळ’ गोखल्यांनी. आज तसे विधेयक कोणी अमेरिकेत मांडले असते तर त्याला आपण प्रोग्रेसिव्हच म्हटले असते. तेव्हा ‘प्रोग्रेसिव्ह म्हणजे जहाल’ असे आपण लिहिले, तर गुहागरचा श्रोता टिळकांना तिकडे आणि गोखल्यांना इकडे बसवील, आणि निम्मा इतिहास उलटा होईल. आपल्याच जिल्ह्यातल्या दोन थोर माणसांच्या बाबतीत असे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेतील वाद मुख्यतः किती दूर जायचे याचा आहे. 2016 च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षात झालेल्या लढतीत प्रोग्रेसिव्ह गटाचे बर्नी सँडर्स सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्यविमा मागत होते, तर सेंट्रिस्ट मानल्या जाणाऱ्या हिलरी क्लिंटन 2010 च्या आरोग्य कायद्याचाच विस्तार करू म्हणत होत्या. देशभरासाठी किमान वेतन ताशी 15 डॉलर असावे असे ते म्हणत, आणि त्या 12 डॉलरवर थांबत. दोघांतील कोणाची भाषा किती कडक होती, हा निराळाच प्रश्न आहे.

म्हणून ‘सेंट्रिस्ट’ला मी ‘मध्यममार्गी’ म्हणेन. हा शब्द बुद्धाच्या मध्यम मार्गावरून आला असल्यामुळे त्याला थोडा सन्मानाचा वास आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. अलीकडे वृत्तपत्रांतून ‘कुंपणावर बसलेले’ असे लिहितात. ते इंग्रजीचे शब्दशः भाषांतर आहे, आणि आपल्याकडे गडग्यावर बसलेला माणूस बहुधा कोणाची तरी वाट पाहत असतो. ‘तळ्यात-मळ्यात’ हा आपला शब्द आहे, पण तो निर्णय न झालेल्यासाठी आहे. मध्यममार्गी माणसाचा निर्णय झालेला असतो.

दापोलीहून पुरवणी

‘प्रोग्रेसिव्ह’साठी ‘प्रागतिक’ हा शब्द कोणी सुचवील, म्हणून आधीच लिहितो. 1918 मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या नेमस्तांनी, म्हणजे मवाळांनी, जे लिबरल फेडरेशन स्थापले, त्याला मराठीत ‘प्रागतिक पक्ष’ म्हणत. आमच्या तालुक्यातील मुर्डीचे रँग्लर परांजपे हे त्याच पक्षाचे पुढारी होते. म्हणजे मराठीत ‘प्रागतिक’ हे नाव मवाळांच्या वारसांनी आधीच घेतलेले आहे. जुने लेख वाचणाऱ्याचा त्यामुळे हमखास घोटाळा होईल.

वेंगुर्ल्याहून पुरवणी

मग उरतो ‘पुरोगामी’. पुरस् म्हणजे पुढे. पुढे जाणारा तो पुरोगामी, आणि ‘प्रतिगामी’ हा त्याचा विरुद्धार्थी. अडचण अशी की आपल्याकडे हा शब्द गटाचे नाव म्हणून न राहता मान्यतेचा शिक्का झाला आहे. महाराष्ट्रातील 1978 च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात जनता पक्ष होता, आणि त्या पक्षात जनसंघातून आलेली मंडळीही होती. इतक्या भिन्न लोकांना एकच विशेषण लागू होत असेल, तर त्याने पक्षांतर्गत भेद दाखवता येत नाही.

उदाहरण घ्यायचेच तर सुरतेऐवजी 1955 ची प्रजा समाजवादी पक्षातील फूट घ्यावी. त्या पक्षाचे एक पुढारी अशोक मेहता काँग्रेसशी सहकार्याकडे झुकले होते. त्रावणकोर-कोचीनमध्ये आपल्याच पक्षाचे मंत्रिमंडळ असताना 1954 मध्ये पोलिसांचा गोळीबार झाला, तेव्हा त्या मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा असा आग्रह पक्षाचे दुसरे पुढारी राममनोहर लोहिया यांनी धरला. लोहियांच्या बाजूचे मधु लिमये पक्षातून निलंबित झाले आणि लोहियांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला. आमचे नाथ पै प्रजा समाजवादी पक्षातर्फे 1957 मध्ये राजापूरमधून लोकसभेवर निवडून आले, म्हणजे ते ज्या पक्षात होते तो लोहियांच्या दृष्टीने तडजोडीचा पक्ष होता. तरी नाथ पैंना ‘पुरोगामी नव्हे’ असे इथे कोणी म्हणणार नाही. एकाच ध्येयाचे लोक किती वेगाने आणि कोणाच्या सोबतीने जायचे यावर फुटतात, हे या उदाहरणातून श्रोत्यांना नीट दिसेल.

गुहागरहून

आपणा सर्वांचा आभारी आहे. क्लिंटनबाईंनीही त्या लढतीत स्वतःला प्रोग्रेसिव्हच म्हणवून घेतले होते, कामे तडीस नेणारी प्रोग्रेसिव्ह, अशी पुस्ती जोडून. त्यामुळे या शब्दाच्या मालकीवरूनच भांडण आहे, हे आता माझ्या ध्यानात आले. टिपणात पहिल्या ठिकाणी ‘मध्यममार्गी’ आणि ‘स्वतःला पुरोगामी म्हणवणारा डावा गट’ असे लिहीन, पुढे नुसते ‘डावा गट’. सुरतेचा उल्लेख काढून त्या जागी 1955 ची फूट घालतो आहे.